पाव किलो लव्हाळा, फक्त 420 रुपये

माझा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे आणि रोज संध्याकाळी जिमला जातो. त्यामुळे कुणी काय खावं हे आमच्या घरात आता तो ठरवतो. गेल्या संक्रांतीला सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेसाठी आला तेव्हा बॅगेतून एक चकचकीत पाकीट काढून त्यानं माझ्या हातात ठेवलं. "काकू, हे टायगर नट. बदामाचा बाप आहे. तुमच्या चटणीत घालून बघा, पुण्यात हातोहात खपेल." 250 ग्रॅम, 420 रुपये. पाकिटावर वाघ, वाघाशेजारी दुधाचा ग्लास आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात उत्पादनाचा देश: नायजर.

माझं काम शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं. वीस वर्षं शेंगदाण्यात हात घालून बसल्यावर कुठलाही दाणा आधी दातांनी तपासायची सवय लागते. एक तोंडात टाकला. दाढेखाली खडा आल्यासारखा आवाज झाला. तेवढ्यात मालक रानातून आले. त्यांनी पाच-सहा दाणे तळहातावर घेतले, चष्मा लावला, एकाला नखानं खरवडलं आणि म्हणाले, "ही लव्हाळ्याची गाठ हाय की! चारशे वीस? माझ्या रानात ट्रॉलीनं पडलीय, घेऊन जा म्हणावं."

पुतण्या हसला, मीही हसले. ह्यांना सगळीकडं लव्हाळाच दिसतो, त्याला कारणही तसंच आहे. मोहोळ तालुक्यात उजनीच्या कालव्याखाली आमची अडीच एकर काळी जमीन, त्यात ऊस, आणि उसात लव्हाळ्याचं तण. पण माझी मुलगी कृषी पदवीधर. रात्री तिला फोनवर फोटो पाठवला तर ती म्हणाली, बाबा फार चुकलेले नाहीत. लव्हाळा म्हणजे सायपरस रोटुंडस आणि टायगर नट म्हणजे सायपरस एस्क्युलेंटस. सख्खे नाहीत, पण चुलत भाऊ नक्की. दोघांचं नामकरण 1753 साली एकाच माणसानं, लिनिअस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं केलं. रोटुंडस म्हणजे गोल, एस्क्युलेंटस म्हणजे खाण्याजोगा. गंमत अशी, की दोन्हींच्या गाठी ताटात शेजारी ठेवल्या तर जास्त गोल दिसते ती दुसरीच.

तेव्हापासून वर्षभर हे प्रकरण मी धसास लावलं. दोन पाकिटं संपवली, काही दाणे एका बादलीत लावून पाहिले, चटणीचा एक घाणा वाया घालवला. त्यामुळे घ्यावं की नाही हे आता अनुभवानं सांगते.

आधी पाकिटातल्या मालाचं. कोरडा टायगर नट दिसतो वाळलेल्या वाटाण्यासारखा, पण सुरकुतलेला, अंगावर आडव्या रेघा. ह्या पट्ट्यांवरूनच म्हणे वाघाचं नाव पडलं. नट मात्र तो नाहीच, जमिनीखालचा कंद आहे. बदामाशी त्याचं नातं पाकिटावरच्या चित्रापुरतं. कोरडा खायला गेलात तर दाताच्या डॉक्टरचा खर्च वेगळा धरा. रात्रभर भिजवला की फुगतो, गुळगुळीत होतो आणि खऱ्या अर्थानं गोल होतो. मग चावला की आधी ओल्या खोबऱ्यासारखा, नंतर बदामासारखा लागतो, गोडसर. शेवटी तोंडात चोथा उरतो. हा चोथा गिळायचा की थुंकायचा, यावर पाकिटावर एक अक्षर नाही. पहिल्या दिवशी मी मूठभर गिळला. दुसऱ्या दिवशीचं वर्णन इथं करत नाही, पण चांगल्या घरातली माणसं दहा-बारा दाण्यांवर थांबतात एवढं लक्षात ठेवा.

पहिल्या पाकिटात मला वीसेक दाणे खवट लागले आणि तीन चक्क खडे निघाले, दाण्याच्याच रंगाचे. विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर आलं, नैसर्गिक उत्पादन असल्याने थोडा फरक संभवतो. खडासुद्धा नैसर्गिकच, हे मात्र खरं. मी शेंगा चटणीत एक खडा पाठवला असता तर गिऱ्हाईक दारात उभं राहिलं असतं.

आता चटणीचं. आमची सोलापुरी शेंगा चटणी म्हणजे भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ, आणि उखळात कांडप. मिक्सरची चटणी कोरडी राहते. कांडली की दाणा तेल सोडतो आणि चटणी मुठीत धरली तर मुटका वळतो, बोटं तेलकट होतात. मी अर्धे शेंगदाणे, अर्धे भाजलेले टायगर नट असं प्रमाण घेतलं. पहिल्या घावाला दोन दाणे उखळातून उडाले आणि कपाटाखाली गेले. अर्धा तास कांडलं तरी तेल सुटेना. वर लाल तिखट, खाली लाकडाचा भुसा. मुलीला विचारलं तेव्हा कळलं, शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, ह्यात पाव हिश्श्याच्या आसपास, आणि बाकीचा बराचसा भाग स्टार्च आणि तंतू. शिवाय गोडवा. लसणाबरोबर तो गोडवा असा काही लागतो, की सासूबाई म्हणाल्या, "तिखट घातलेली पंजिरी केलीस का गं?" तो घाणा मी डब्यात भरून पुतण्याला कुरिअर केला. अजून त्यावर त्याचा अभिप्राय आलेला नाही.

दूध मात्र झालं. स्पेनमध्ये वॅलेन्सिया नावाचं शहर आहे, तिथं आसपासच्या रानात ह्याचं रीतसर पीक घेतात आणि त्याचं दूध साखर घालून गारेगार विकतात, ओर्चाता म्हणतात. पश्चिम आफ्रिकेत तर हे भिजवून, भाजून, दूध काढून सगळ्या तऱ्हेनं खातात. इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांतही हे कंद सापडलेत. म्हणजे पुण्यातल्या जिमवाल्यांनी शोध लावलेला नाही.

मी शंभर ग्रॅम दाणे चोवीस तास भिजवले, दोनदा पाणी बदललं, अर्धा लिटर पाण्यात वाटले आणि जुन्या धुवट पंच्यातून गाळले. पांढरंशुभ्र दूध आलं. इथवर ठीक. पण दूध म्हटलं की बाईमाणसाचा हात आपोआप गॅसकडं जातो. पातेलं ठेवलं, ढवळत राहिले आणि बघता बघता दुधाची खळ झाली. अगदी खळच. माझे वडील लक्ष्मी-विष्णू कापड मिलमध्ये साईझिंग खात्यात होते, ताण्याच्या सुताला द्यायची खळ मी लहानपणी पाहिलेली आहे. चमचा उभा राहायचा एवढंच बाकी. स्टार्च गरम झाला की घट्ट होणारच, हे मला, रोज पीठ मळणारीला, आधी सुचायला हवं होतं. दुसऱ्या खेपेला न तापवता फ्रिजमध्ये ठेवलं, थोडी साखर, एक वेलदोडा. एप्रिलमध्ये, आपल्याकडं पारा 42 च्या वर असताना, तो ग्लास फार छान लागला. शेजारच्या अक्कांनाही आवडला. उरलेला चोथा धपाट्याच्या पिठात मळला, कुणाला कळलं नाही.

अक्का पद्मशाली, घरात तेलुगू. त्यांना नावाचा घोळ सांगितला तर म्हणाल्या, "म्हणजे तुंगाच की." तेलुगूत लव्हाळ्याला तुंगा. त्यांच्या आजी म्हणे त्या गाठी उगाळून लहान मुलांना चाटवायच्या. मग मलाही आठवलं, आमच्याकडं पोट बिघडलं की सासूबाई मोथ्याचा, म्हणजे लव्हाळ्याच्या गाठीचाच, काढा करायच्या. आयुर्वेदातला मुस्ता तो हाच, रानात शिव्या खाणारा.

जुलैत पहिला पाऊस झाल्यावर मी मुद्दाम बांधावर खुरपं घेऊन बसले. लव्हाळा आपण रोज पाहतो पण बघत नाही. काडी दोन बोटांत धरून फिरवून पाहा, फिरत नाही, अडते, कारण ती तिधारी असते. गवताची काडी गोल, मधे पेरं. ह्याला पेरं नाहीत, पानंही तीन बाजूंना तीन. म्हणजे हे गवतच नाही, वेगळं कुळ आहे. कागदाचा पूर्वज पपायरस ह्याच कुळातला, ह्याच सायपरसांपैकी.

वरून हलकेच उपटला तर फक्त पाती हातात येते आणि खाली गाठ हसत बसते. म्हणून बोटभर लांबून, खोल खुरपं घातलं आणि ढेकूळच उचललं. पाण्यात ढेकूळ विरघळवल्यावर जे हाती आलं ते म्हणजे माळ. एक गाठ, तिच्यातून काळी, तारेसारखी चिवट मुळी, पुढं दुसरी गाठ, पुन्हा तार, तिसरी गाठ. सात मोजल्या. प्रत्येक गाठीवर नारळाच्या शेंडीसारखे काळपट तंतू. खुरप्यानं एक कापली आणि घमघमाट सुटला. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीचा वास, उटण्याचा. आतला गर पांढरट, कडेला तांबूस. जिभेला लावला: कडू, मग तुरट, मग नाकात कापरासारखं काहीतरी. गोडव्याचं नाव नाही.

टायगर नटला ही माळ नसते. मुलीनं सांगितलेलं मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, बादली उपसल्यावर कळलं. त्याची मुळी जमिनीत सरकत जाते आणि तिच्या टोकाला एकच कंद धरतो, गोष्ट तिथंच संपते. लव्हाळ्याची मुळी गाठ करून थांबत नाही, गाठीतून पुन्हा पुढं निघते. आणि खरी मेख पुढं आहे. माळ अखंड असते तोवर शेंड्याची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते, त्या झोपलेल्या असतात. माळ तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्र, प्रत्येकीला कोंब. आम्ही तीन वर्षांपूर्वी मोठ्या उत्साहानं रोटाव्हेटर फिरवला होता. माळांचे तुकडे केले आणि अडीच एकरांत समान वाटप केलं. त्या हंगामात ऊस शोधावा लागत होता.

शाळेत लव्हाळ्याचं कौतुक नम्रतेसाठी ऐकलं होतं, पुरात वाकतो म्हणून वाचतो वगैरे. ज्यानं ते कौतुक केलं असेल त्याच्याकडं खुरपणीचा हिशेब नसावा. 1977 साली जगातल्या सगळ्यात वाईट तणांची यादी झाली तिच्यात लव्हाळा पहिला आणि आपली हरळी दुसरी. हरळी दूर्वा म्हणून गणपतीच्या डोक्यावर, लव्हाळा उटण्यात, आणि रानात दोघं मिळून शेतकऱ्याच्या उरावर. भाजीवाले मल्चिंग पेपर अंथरतात, लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा तो कागद फोडून वर येतो. टू-फोर-डी हे तणनाशक मारलं तर पाती जळते, गाठ जिवंत. हल्ली उसात हॅलोसल्फुरॉन वापरतात, त्यानं बराच आवरतो. मालकांचा मात्र भरवसा उन्हाळी नांगरटीवर. गाठी वर येतात आणि सोलापूरच्या उन्हात वाळून मरतात. आमच्याकडं उन्हाची टंचाई नाही.

नागरमोथ्याचं दुकान हा ह्या सगळ्यातला सुखाचा भाग. सोलापुरात मधल्या मारुतीजवळ एक जुनं काष्ठौषधीचं दुकान आहे, दरवर्षी उटण्याचं सामान मी तिथूनच आणते. कचोरा, आंबेहळद, वाळा, गव्हला, नागरमोथा. ह्या दिवाळीला मी मुद्दाम विचारलं, हा आमच्या बांधावरचाच ना? दुकानदारानं उलट मलाच विचारलं, "मोथा देऊ का नागरमोथा?" मग दोन डबे उघडले. मोथा म्हणजे लव्हाळ्याची गाठ, तंतू जाळून घासून काढलेली. नागरमोथा त्याचा तिसरा भाऊ, सायपरस स्कॅरिओसस, ज्याचं तेल अत्तरवाले वापरतात. बाजारात दोन्ही एकमेकांच्या नावानं सर्रास खपतात. त्यानं प्रत्येकी एक गाठ अडकित्त्यानं फोडून माझ्या नाकाशी धरली. नागरमोथा जास्त गोड, मातकट, रेंगाळणारा. मोथा तिखट, पटकन चढणारा. पाव किलोला 70 रुपये घेतले आणि "पूड घरीच करा, तयार पूड घेऊ नका, वास उडालेला असतो" हे फुकट सांगितलं. तयार पूडसुद्धा त्याच्याच दुकानात होती, तरी सांगितलं. दुकान दुपारी बंद असतं, सुट्टे पैसे न्या, आणि घाईत असाल तर जाऊ नका, कारण तो घाई करत नाही.

आता बादली. जूनअखेर मी पाकिटातले चार दाणे दोन दिवस भिजवून एका जुन्या रंगाच्या बादलीत लावले. बादलीच, बुडाला भोकं पाडून, आणि तीही गच्चीवर सिमेंटच्या कठड्यावर. मुलीनं दम दिला होता, जमिनीत लावलंस तर मी घरी येणार नाही. नेदरलँड्समध्ये ज्या शेतात हा सापडतो तिथं पुढं कंदपिकं घ्यायला बंदी असते, एवढा त्याचा धाक. गोड बोलणारा चुलत भाऊ आहे, पण रक्त तेच.

आठवड्यानं चारातले तीन उगवले. शेजारी दुसऱ्या कुंडीत बांधावरचा लव्हाळा होता, तुलनेला. ऑगस्टपर्यंत दोघांतला फरक लांबून कळायला लागला. लव्हाळ्याची पाती गडद हिरवी, टायगर नटची पोपटी. पण खात्रीची खूण पानाच्या टोकाला. लव्हाळ्याचं पान रुंदी राखत येतं आणि टोकाला एकदम निमुळतं होतं, होडीच्या नाळेसारखं. टायगर नटचं पान लांबूनच बारीक होत होत सुईच्या अणीसारखं संपतं. डोळे मिटून बोटांतून पान ओढलं तरी कळतं, मी अक्कांच्या नातीबरोबर पैज लावून दहापैकी नऊ वेळा ओळखलं. तुऱ्याच्या रंगावरून तर सगळ्यात सोपं, लव्हाळ्याचा तुरा तांबूस-जांभळा आणि ह्याचा वाळल्या काडासारखा पिवळा. लव्हाळ्याला दीड महिन्यात तुरा आला. टायगर नटच्या पिवळ्या तुऱ्याची मी दसऱ्यापर्यंत वाट पाहिली, मोबाईल घेऊन रोज गच्चीवर. आलाच नाही. खाण्यासाठी लावतात त्या वाणाला फूल क्वचितच धरतं, हे मुलीनं नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर माझे गुडघे वाचले असते.

नोव्हेंबरात पाती पिवळी पडली तेव्हा बादली पालथी केली. तीन रोपांच्या 143 गाठी. काही वाटाण्याएवढ्या, काही हरभऱ्याच्या डाळीएवढ्या. ताज्या गाठीची चव पाकिटातल्या वाळक्या मालाला नाही, हे मान्य करायला हवं. कुरकुरीत, रसाळ, थेट शहाळ्याच्या मलईची आठवण. मालकांनी नको नको म्हणत पंधरा-वीस खाल्ल्या. मग विचारलं, "एकरी किती निघंल?" मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं.

तर घ्यायचं असेल त्यांच्यासाठी: दुधासाठी घेत असाल तर सालासकट घ्या, स्वस्त पडतं. नुसतं चघळायला हवं असेल तर सोललेलं मिळतं. मी दुसऱ्या खेपेला दुसऱ्या विक्रेत्याकडून मागवलं, 250 ग्रॅमला 560 रुपये, पण दाताला बरं आणि त्यात खडा नव्हता. सोललेलं उगवत नाही, हाही एक फायदाच समजा. चटणी, लाडू, चिवडा ह्यात घालू नका. पाकिटावर तारीख बघा, एक दाणा नखानं खरवडून वास घ्या, खवट असेल तर लगेच परत करा. दुधाला पाचपैकी चार. पहिल्या पाकिटाला दोन, त्यातला एक वाघाच्या चित्राला. मधल्या मारुतीजवळच्या दुकानाला पाच, आणि मी तिथं कुणाच्या ओळखीची नाही.

बादलीतली माती चाळून मी गच्चीवर एका फाटक्या ताडपत्रीवर पसरून ठेवली आहे, कारण चाळणीतून सुटलेल्या बारीक गाठी त्यात असणारच. परवा सासूबाईंनी तुळशीला घालायला त्यातली घमेलंभर माती उचलली होती. मालक जिन्यातूनच ओरडले. आता ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांवर चार विटा आणि मधे पाटी आहे, मे महिन्यापर्यंत हात लावू नये.